लंडन ते इस्तंबूल : अंतर किती, वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे प्रश्न मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. ब्रिटनमध्ये शिकणारी मुलं, मुंबईला जाता-येता इस्तंबूलला चार दिवस थांबू पाहणारी कुटुंबं, आणि ‘एकदा तरी जमिनीवरून युरोप पार करायचाय’ म्हणणारे हौशी. तिघांचे प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं स्वतंत्र ठेवली आहेत. आधी आलेली गोष्ट पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लंडन ते इस्तंबूल नेमकं अंतर किती?

सरळ हवाई रेषेत सुमारे २,५०० किलोमीटर. रस्त्याने, ब्रिटन आणि फ्रान्समधल्या इंग्लिश खाडीखालचा बोगदा धरून, ३,००० ते ३,१००. रेल्वेला एकच ठरलेला मार्ग नाही. हल्ली सोयीची पडणारी बुखारेस्टवरून जाणारी वाट ढोबळमानाने साडेतीन हजारांच्या आसपास जाते.

२. एका ठिकाणी २,५०० लिहिलंय, दुसरीकडे ३,०००, तिसरीकडे १,५५०. खरं कोणतं?

तिन्ही खरे आहेत. १,५५० हे मैल आहेत. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या पाट्या अजून मैलांत असल्यामुळे तिथल्या माहितीत मैल सर्रास येतात. २,५०० ही पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेली सर्वांत जवळची रेषा, आणि ३,००० हा चाकाखालून जाणारा रस्ता. ‘अंतर’ असं नुसतं लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा हवाई अंतर असतं. त्यावरून पेट्रोलचा हिशेब केलात तर तो पाचशे-सहाशे किलोमीटरने चुकेल.

३. विमानाला किती वेळ लागतो?

थेट विमानाच्या वेळापत्रकात जाताना साधारण ३ तास ५० मिनिटं ते ४ तास, आणि येताना ४ तास ते सव्वाचार तास असतात. यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्याचा वेळही धरलेला असतो. प्रत्यक्ष हवेत जाताना तुम्ही साडेतीन तासांच्या आसपास असता.

जाताना कमी आणि येताना जास्त, कारण युरोपवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. इस्तंबूलला जाताना ते पाठीवर असतात, परतताना तोंडावर. हिवाळ्यात हे वारे जोरात असतात, तेव्हा फरक जास्त जाणवतो.

४. परतीच्या तिकिटावर सकाळी ८:०० ला उड्डाण आणि ९:१० ला लंडन! सत्तर मिनिटांत कसं पोहोचतं?

पोहोचत नाही. दोन्ही वेळा आपापल्या शहराच्या घड्याळातल्या आहेत. हिवाळ्यात इस्तंबूल लंडनच्या ३ तास पुढे असतं. त्यामुळे ४ तास १० मिनिटांच्या प्रवासातले ३ तास कागदावरून गायब होतात.

मेख उन्हाळ्यात आहे. ब्रिटन मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतं. तुर्कस्तानने हा प्रकार २०१६ मध्ये बंद केला आणि उन्हाळी वेळच वर्षभर कायम ठेवली. म्हणून उन्हाळ्यात फरक २ तासांचा आणि हिवाळ्यात ३ तासांचा. तेच ८:०० चं विमान जुलैत लंडनला १०:१० ला उतरलेलं दिसेल.

घरी फोन करायचा असेल तर हिशेब सोपा आहे. भारत इस्तंबूलच्या वर्षभर अडीच तास पुढे. दोन्ही देश घड्याळाला हात लावत नाहीत.

५. म्हणजे चार तासांत इस्तंबूल, बरोबर?

विमानापुरतं बरोबर. लंडनमधल्या घराचं दार ओढल्यापासून इस्तंबूलच्या हॉटेलात बॅग टेकवेपर्यंत ९ ते १० तास धरा.

हीथ्रोला पोहोचायला तुम्ही कुठे राहता त्यावर वेळ. पॅडिंग्टनहून हीथ्रो एक्सप्रेस १५ मिनिटांत नेते, पण शहराच्या मध्यातून पिकॅडिली लाइनने गेलात तर तासभर जातो. सामान आणि तपासणीसाठी दोन-अडीच तास आधी हजर राहायचं. विमानाचे चार. उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि बॅगा यांना मिळून तास. त्यानंतर शहरात शिरणं, आणि इथेच लोकांचा अंदाज चुकतो. इस्तंबूलचा मुख्य विमानतळ पूर्वीच्या अतातुर्क विमानतळासारखा शहरालगत राहिलेला नाही. एप्रिल २०१९ मध्ये सगळी प्रवासी विमानं शहराच्या उत्तरेला, काळ्या समुद्राच्या किनाऱ्याजवळ बांधलेल्या नव्या विमानतळावर हलली. मध्यवर्ती भाग तिथून ३५-४० किलोमीटरवर आहे. जानेवारी २०२३ पासून एम-११ मेट्रो आहे. ती अर्ध्या तासात गायरेत्तेपेला आणते, तिथून एम-२ ला बदलून ताक्सिम या मध्यवर्ती चौकात. संध्याकाळी टॅक्सीने निघालात तर किती वेळ लागेल ते ड्रायव्हरही सांगू शकत नाही. मेट्रो घ्या.

६. सबिहा गोकचेनचं तिकीट स्वस्त मिळतंय. घ्यावं का?

सबिहा गोकचेन हा शहराचा दुसरा विमानतळ, आणि तो बॉस्फरस सामुद्रधुनीच्या पलीकडे, आशिया खंडात आहे. लंडनच्या स्टॅन्स्टेडहून निघणारी स्वस्त विमानं बहुधा इथे उतरतात. हवेतला वेळ जवळपास तोच.

तुमचं हॉटेल आशियाकडच्या कादिकॉय भागात असेल तर हा विमानतळ उलट सोयीचा, कारण ऑक्टोबर २०२२ पासून एम-४ मेट्रो थेट तिथपर्यंत जाते. मुक्काम युरोपकडच्या सुलतानअहमत किंवा ताक्सिमला असेल तर मात्र बॉस्फरस ओलांडावा लागतो आणि प्रश्न ५ मधल्या हिशेबात आणखी अर्धा-पाऊण तास वाढतो. शिवाय स्टॅन्स्टेडही लंडनपासून बऱ्यापैकी दूर आहे. दोन्ही टोकांचा खर्च मिळवा आणि मग तिकीट स्वस्त आहे का ते ठरवा.

७. लंडनहून इस्तंबूलला थेट रेल्वे आहे का? ती प्रसिद्ध ओरिएंट एक्सप्रेस?

लंडनहून थेट नाही, आणि पॅरिसहून नियमित थेट गाडीही मे १९७७ मध्ये संपली.

ओरिएंट एक्सप्रेस मुळात पॅरिसची. जॉर्ज नागेलमाकर्स या बेल्जियन उद्योजकाच्या वागाँ-ली कंपनीने ४ ऑक्टोबर १८८३ ला ती सुरू केली. तेव्हा रेल्वे सलग नव्हतीच. प्रवासी रोमानियातल्या जुर्जूला उतरून डॅन्यूब होडीने ओलांडायचे, पलीकडे रूसेहून दुसऱ्या गाडीने वार्नाला जायचे आणि शेवटचा टप्पा काळ्या समुद्रातून आगबोटीने गाठायचे. पॅरिसहून सलग रुळांवरून इस्तंबूल गाठता येऊ लागलं ते १८८९ पासून. पहिल्या महायुद्धानंतर आल्प्समधल्या सिम्प्लॉन बोगद्यातून जाणारी सिम्प्लॉन-ओरिएंट एक्सप्रेस आली, आणि कथा-कादंबऱ्यांतली गाडी ती हीच.

आज त्या नावाने धावते ती जुने डबे दुरुस्त करून १९८२ पासून चालवलेली ऐषारामी पर्यटन गाडी. पॅरिस ते इस्तंबूल ती वर्षातून एखाददा जाते, पाच रात्रींचा प्रवास असतो आणि तिकिटाची किंमत वाचून बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

८. मग साध्या रेल्वेने किती दिवस लागतात?

चार दिवस आणि चार रात्री. उन्हाळ्यातला, सध्या सर्वांत सरळ पडणारा क्रम असा :

सोमवारी सकाळी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून युरोस्टार, म्हणजे खाडीखालच्या बोगद्यातून जाणारी जलद गाडी. पॅरिसच्या गार द्यु नोरला सव्वादोन तासांच्या थोडं वर. तिथून गार द लेस्ट चालत दहा मिनिटांवर आहे, टॅक्सी करू नका. दुपारच्या जलद गाडीने म्यूनिक, साधारण पावणेसहा तास. रात्री म्यूनिकला मुक्काम. मंगळवारी सकाळच्या रेलजेट या जलद गाडीने व्हिएन्नामार्गे बुडापेस्ट, सात तासांच्या आसपास. संध्याकाळी केलेती स्टेशनावरून बुखारेस्टची रात्रगाडी. ती पंधरा-सोळा तास घेते, पण तो वेळ वाया जात नाही. बुधवारी सकाळी डोळे उघडतात तेव्हा गाडी ट्रान्सिल्व्हेनियात असते, ब्राशोव्हनंतर कार्पेथियन डोंगर चढते आणि दुपारी बुखारेस्टच्या गारा दे नोर्दला उतरवते. रात्री तिथेच राहा. गुरुवारी सकाळी इस्तंबूलचा थेट डबा, तो शुक्रवारी सकाळी पोहोचतो.

यात घाई कुठेच नाही, पण गाडी चुकली तर पुढचं सगळं कोसळतं. बुडापेस्टला निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पूर्वी पॅरिसहून व्हिएन्नाला थेट रात्रगाडी होती आणि तिने एक मुक्काम वाचायचा. डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली ती गाडी फ्रान्सने अनुदान काढल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये बंद पडली. जुन्या प्रवासवर्णनांत ती अजून भेटते, त्यावर विसंबू नका. युरोपातली रेल्वे वेळापत्रकं दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलतात, म्हणून डिसेंबरनंतरच्या प्रवासाचा बेत जुन्या वेळापत्रकावरून कधीच पक्का करू नये.

९. बुखारेस्टहून थेट डबा उन्हाळ्यातच का? हिवाळ्यात काय करायचं?

तो डबा साधारण जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच असतो, कारण त्या मार्गावर तेव्हाच गर्दी असते. इतर महिन्यांत बुखारेस्टहून रूसेला गाडी बदलून सोफियाला जा, तिथे एक रात्र राहा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोफिया-इस्तंबूल एक्सप्रेस पकडा. ही गाडी बाराही महिने रोज आहे. एकूण प्रवासात एक दिवस वाढतो.

माझं मत विचाराल तर उन्हाळ्यातसुद्धा सोफियाचाच रस्ता बरा. रूसेजवळ डॅन्यूबवरचा १९५४ चा मैत्री पूल दोन्हीकडे लागतोच, वर सोफियाचा एक दिवस पदरात पडतो.

१०. नकाशावर बेलग्रेडवरून सरळ रेषा दिसते. मग रोमानियाचा वळसा कशाला?

कारण नकाशावरच्या सगळ्या रुळांवर प्रवासी गाड्या धावत नाहीत. बुडापेस्ट-बेलग्रेड मार्ग नव्याने बांधायला घेतल्यामुळे तिथली आंतरराष्ट्रीय वाहतूक वर्षानुवर्षं तुटली होती. बेलग्रेड ते नोव्ही साद हा ताशी २०० किलोमीटरचा तुकडा मार्च २०२२ मध्ये खुला झाला, पण खरी अडचण बेलग्रेडच्या पुढे आहे. बेलग्रेड-सोफिया थेट गाडी कोविडपासून नाहीच. सर्बियातल्या निशहून सोफियापर्यंत बस शोधावी लागते.

ग्रीसचाही रस्ता कोणीतरी विचारतंच. इटलीतल्या बारीहून किंवा अँकोनाहून ग्रीसला बोट, पुढे थेसालोनिकी, तिथवर ठीक. पण थेसालोनिकी-इस्तंबूल रात्रगाडी २०११ मध्ये बंद झाली, शेवटचा टप्पा बसनेच.

११. सोफिया-इस्तंबूल रात्रगाडीत खरंच मध्यरात्री उठवतात का?

हो, आणि दोनदा. आधी बल्गेरियाचे पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट बघतात. तेव्हा बर्थवरच बसून राहायचं. मग गाडी थोडी सरकते आणि कापीकुलेला, म्हणजे तुर्की हद्दीत, उभी राहते. इथे सगळ्यांनी खाली उतरायचं. फलाटावर पासपोर्टची खिडकी आहे, तिच्यासमोर झोपाळलेल्या लोकांची रांग लागते. शिक्का मिळाला की परत डब्यात जाऊन सामान उचलायचं आणि तपासणी यंत्रातून काढून आणायचं. दोन-तीन मोठ्या बॅगा घेऊन चाललेल्यांची इथे दमछाक होते. खिडकीकडे लवकर गेलात तर रांग लहान मिळते, पण गाडी सगळ्यांचं आटोपल्याशिवाय हलत नाही. म्हणजे लवकर मोकळे झालात तरी पोहोचायची वेळ तीच. थंडीत स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

डबे मात्र चांगले आहेत. दोन बर्थचा खण, आत छोटं बेसिन आणि फ्रिजसुद्धा. तिकीट सहसा स्टेशनावरच्या आंतरराष्ट्रीय खिडकीवर काढावं लागतं, एक-दोन दिवस आधी काढलेलं बरं.

आणखी एक. ही गाडी इस्तंबूलच्या मध्यात जात नाही. १८९० मध्ये बांधलेलं सिर्केजी स्टेशन अजून उभं आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या आता शहराच्या पश्चिम कडेला हाल्कालीला थांबतात. तिथून मार्मराय ही लोकल ४० मिनिटांच्या आसपास सिर्केजीला पोहोचवते. तीच लोकल पुढे बॉस्फरसच्या तळाखालून आशियात जाते. हा बोगदा २९ ऑक्टोबर २०१३ ला सुरू झाला.

१२. गाडी चालवत गेलं तर?

नुसतं स्टिअरिंगवर ३० ते ३३ तास. अंतर मुंबई-दिल्ली जाऊन-येऊन होईल त्याहून जास्त. दोघं आलटून-पालटून चालवणारे असाल तर तीन दिवसांत होतं, पण मग जाऊन करायचं काय, झोपायचं? पाच दिवस घ्या.

लंडनहून फोकस्टन, तिथे गाडी रेल्वेवर चढवून ३५ मिनिटांत कॅलेला, पुढे ब्रसेल्सवरून कोलोनला पहिला मुक्काम. दुसरा दिवस न्यूरेंबर्गवरून पासाऊ. तिसरा व्हिएन्नावरून बुडापेस्ट. चौथा बेलग्रेडवरून निश. हे चारही दिवस साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे किलोमीटरचे. पाचव्या दिवशी सोफिया, प्लॉव्दिव्ह, एदिर्ने करत इस्तंबूल. हा दिवस सातशेच्या वर आहे आणि यात दोन सीमा आहेत, म्हणून पहाटे निघा. पाहिजे तर सोफियाला थांबून सहावा दिवस करा.

एक गंमत लक्षात ठेवा. इस्तंबूलमध्ये लोक शहरातल्या एका मोठ्या हमरस्त्याला सर्रास ‘ई-५’ म्हणतात. कागदोपत्री त्याचा क्रमांक डी-१०० आहे. युरोपातल्या रस्त्यांना १९५० च्या दशकात जे क्रमांक दिले त्यात ई-५ हा रस्ता लंडनहून निघून इस्तंबूलवरून पुढे जात होता. क्रमांक बदलून दशकं झाली. बोलण्यातला रस्ता मात्र अजून लंडनचाच आहे.

१३. टोल कुठे-कुठे भरायचा?

बेल्जियम आणि जर्मनीत खासगी मोटारीला महामार्गावर टोल नाही. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि बल्गेरियात ठरावीक दिवसांचा ई-परवाना आधी विकत घ्यावा लागतो. तो गाडीच्या नंबरवर असतो आणि कॅमेरा वाचतो, त्यामुळे टोलनाकं दिसलं नाही म्हणजे रस्ता फुकट असं समजू नका. दंड घरी येतो. नंबर टाकताना शून्य आणि ‘ओ’ यांची अदलाबदल झाली तरी परवाना तुमच्या गाडीचा ठरत नाही. सर्बियात आपल्यासारखी टोलनाकी, रोख किंवा कार्ड. तुर्कस्तानात एचजीएस नावाची फास्टॅगसारखी पट्टी, ती पोस्टात मिळते.

१४. सीमेवर किती वेळ जातो?

प्रवासाच्या एकूण वेळात सगळ्यांत बेभरवशाचा भाग हाच. प्रश्न १२ मधल्या रस्त्यावर खरीखुरी पासपोर्ट तपासणी चारदा होते : खाडी ओलांडताना, हंगेरी-सर्बिया, सर्बिया-बल्गेरिया आणि बल्गेरिया-तुर्कस्तान. जर्मनी अधूनमधून आपल्या सीमेवरही गाड्या थांबवते, पण तिथे मिनिटांचा प्रश्न असतो.

शेवटची, म्हणजे कापितान आंद्रेएव्हो आणि कापीकुले यांमधली सीमा, जगातल्या सर्वांत वर्दळीच्या रस्त्यावरील सीमांपैकी एक. मार्चमधल्या एखाद्या मंगळवारी तासाभरात पार होईल. जुलैच्या पहिल्या शनिवारी तिथे अर्धा दिवस जाऊ शकतो, कारण जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्समधली तुर्की कुटुंबं टपावर सामान बांधून सुट्टीला गावी निघालेली असतात. ऑगस्टच्या अखेरीस हीच गर्दी उलट दिशेला. या काळात जायचंच असेल तर आठवड्याच्या मध्याला, आणि पाणी-खाणं गाडीत हाताशी.

सीमा कमी हव्या असतील तर बुडापेस्टहून रोमानियात शिरा आणि डॅन्यूबवरच्या कलाफात-व्हिदिन पुलाने बल्गेरियात उतरा. हा पूल २०१३ चा. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया आणि बल्गेरिया शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, रस्त्यानेही पूर्णपणे आले, त्यामुळे या वाटेवर मोठी तपासणी फक्त दोनदा. रस्ते मात्र सर्बियापेक्षा संथ. उन्हाळ्यात तरीही मी हीच वाट सुचवेन.

१५. लंडनची गाडी तुर्कस्तानात ठेवून विमानाने परत येता येईल का?

असा बेत करू नका. परदेशी गाडी देशात शिरताना तिची नोंद चालकाच्या पासपोर्टशी जोडली जाते. नंतर गाडीशिवाय बाहेर पडायला गेलात तर विमानतळावर अडवतात. अगदी निकड आली तर कस्टमच्या ताब्यात गाडी देऊन जाण्याची सोय आहे, पण ती धावपळीची.

विम्याचंही बघा. ब्रिटनमधला विमा युरोपीय संघात आणि सर्बियात चालतो, तुर्कस्तानसाठी ‘ग्रीन कार्ड’ (विमा परदेशात लागू असल्याचा दाखला) वेगळं मागावं लागतं. ते तुर्कस्तानच्या आशियाई भागालाही लागू आहे का, हे विचारून घ्या. भाड्याची गाडी लंडनला घेऊन इस्तंबूलला सोडायची कल्पना असेल तर सोडून द्या, कंपन्या सहसा तयार होत नाहीत.

१६. बसने?

लंडनहून एका दमात जाणारी बस धरून चालू नका. तुकड्या-तुकड्याने दोन-अडीच दिवस लागतात आणि पाठ धरते. १९५७ च्या एप्रिलमध्ये लंडनहून ‘इंडियामन’ नावाची बस निघाली होती, ती इस्तंबूल मागे टाकून जूनमध्ये कोलकात्याला पोहोचली. तेवढा उत्साह नसेल तर सोफियापर्यंत रेल्वे आणि पुढे बस हा मध्यम मार्ग आहे. सोफिया-इस्तंबूल बसेस भरपूर आहेत.

१७. भारतीय पासपोर्ट आहे, ब्रिटनचा व्हिसा आहे. कोणते व्हिसा लागतील?

थेट विमानाने जाणार असाल तर फक्त तुर्कस्तानचा. ब्रिटन, अमेरिका, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना असलेल्या भारतीयांना तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. तो एकदाच प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा, तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइट्स जास्त पैसे घेतात.

यात एक खोच आहे. आधाराला दाखवायचा व्हिसा कागदी किंवा कार्डाच्या रूपात असावा, इलेक्ट्रॉनिक व्हिसा त्यासाठी चालत नाही असा तुर्कस्तानचा नियम आहे. आणि ब्रिटनने तर कार्ड बंद करून बहुतेकांना ई-व्हिसावर नेलं आहे. त्यामुळे तिकीट काढण्याआधी विमान कंपनीकडून आणि तुर्की दूतावासाकडून लेखी विचारून घ्या. काउंटरवर वाद घालून उपयोग होत नाही.

रेल्वेने किंवा गाडीने जाणार असाल तर वरच्या जोडीला शेंगेन व्हिसा. तो सेंट पँक्रसलाच तपासला जातो, फ्रेंच पोलीस लंडनमध्येच बसलेले असतात. म्हणून युरोस्टारला निदान तास-सव्वा तास आधी पोहोचा.

१८. माझा शेंगेन व्हिसा एकदाच प्रवेशाचा आहे. सर्बियावरून गेलं तर चालेल?

नाही, आणि हा प्रश्न लोक फार उशिरा विचारतात. हंगेरीतून सर्बियात गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. पुढे बल्गेरियात शिरणं म्हणजे दुसरा प्रवेश. एकदाच प्रवेशाच्या व्हिसावर तुम्ही सर्बिया-बल्गेरिया सीमेवर अडकाल. पूर्वी बल्गेरिया शेंगेनमध्ये नव्हता तेव्हाचे नियम वेगळे होते, त्या काळातला कोणाचा अनुभव आज लागू नाही.

जाताना रोमानियाची वाट धरली (प्रश्न ८ किंवा १४) तर एक प्रवेश पुरतो. परत जमिनीवरूनच यायचं असेल तर काहीही केलं तरी दोन प्रवेश हवेतच. खुद्द सर्बियासाठी भारतीयांना २०२३ पासून व्हिसा लागतो, पण शेंगेन, ब्रिटन किंवा अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर सूट आहे.

१९. जमिनीवरून जाताना घड्याळ किती वेळा बदलायचं?

उन्हाळ्यात दोनदा, हिवाळ्यात तीनदा. फ्रान्सला पोहोचलात की एक तास पुढे. रोमानियात किंवा सर्बियातून बल्गेरियात शिरताना आणखी एक. तुर्की सीमेवर उन्हाळ्यात काहीच नाही, हिवाळ्यात तिसरा तास. कारण प्रश्न ४ मध्ये आहे. फोन आपोआप वेळ बदलतो, पण सीमेजवळ तो शेजारच्या देशाचा टॉवर पकडून चुकीची वेळ दाखवू शकतो. गाडी पकडायची असेल तर स्टेशनावरचं घड्याळ खरं.

२०. लंडनहून मुंबईला जाताना इस्तंबूलला थांबलं तर किती वाकडी वाट पडते?

जवळपास पडतच नाही. लंडन-मुंबई हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. लंडन-इस्तंबूल २,५०० आणि इस्तंबूल-मुंबई ४,८००, बेरीज ७,३००. शंभर किलोमीटरचा फरक म्हणजे विमानाला आठ-दहा मिनिटं. वेळ जातो तो मधल्या थांब्यात.

पण थांबा दोन-तीन तासांचा असेल तर शहर बघायचा विचार सोडा. जाऊन-येऊनच अडीच-तीन तास लागतात, वर पुन्हा तपासणी. निदान आठ-नऊ तास हातात असतील तर बाहेर पडा. विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे व्हिसा आलाच (प्रश्न १७). आई-बाबा भारतातून ब्रिटनच्या व्हिसावर येत असतील तर त्यांच्यासाठीही तोच नियम आहे, त्यांचा व्हिसा कोणत्या स्वरूपाचा आहे ते आधी बघा.

२१. सगळ्यांत स्वस्त काय?

विमान. महिना-दोन महिने आधी काढलेलं तिकीट रेल्वेच्या कोणत्याही जोडणीपेक्षा स्वस्त पडतं, कारण रेल्वेत दोन-तीन हॉटेलं आणि चार दिवसांचं जेवणही येतं. चौघं एका गाडीत असाल तर पेट्रोल वाटून परवडेल, पण मुक्काम, टोल आणि परतीचे ३,००० किलोमीटर धरा.

२२. सायकलने?

रोज ८० किलोमीटर धरले तर विश्रांतीचे दिवस सोडून चाळीस दिवस. डॅन्यूबकाठचा युरोव्हेलो-६ हा आखलेला सायकल मार्ग पासाऊ, व्हिएन्ना, बुडापेस्टपर्यंत सपाट आणि सुखाचा आहे. एदिर्नेनंतर ट्रकांची गर्दी आणि चढ-उतार दोन्ही वाढतात. एप्रिलच्या अखेरीस निघालात तर बाल्कनमधला कडक उन्हाळा लागायच्या आत पोहोचता. सायकल चालवत बोगद्यातून जाता येत नाही, खाडी डोव्हरहून बोटीने ओलांडायची. दीड तास लागतो.